दूर पल्ल्याच्या दुचाकी प्रवासाची पुस्तके : कोणाला कोणते सुचवावे आणि सुरुवात कोठून करावी

रविवारी पहाटे पन्हाळ्याचा किंवा ज्योतिबाचा चढ सायकलने चढणारे आणि सलग सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर सामान बांधून गोवा, हंपी, कधी थेट लडाख गाठणारे लोक कोल्हापुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी अधूनमधून विचारतोच, की अशा लांबच्या प्रवासावरचे एखादे चांगले पुस्तक सांगा. उत्तरादाखल बहुतेक वेळा एखादे गाजलेले नाव सांगितले जाते, विचारणारा ते हौसेने मागवतो, पहिली वीस-तीस पाने वाचतो आणि मग पुस्तक कपाटात जाऊन बसते. यात दोष पुस्तकाचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. त्या माणसाला त्या वेळी ते पुस्तक लागू पडणारे नव्हते. ज्यांना या प्रकारच्या वाचनाला सुरुवात करायची आहे, आणि ज्यांच्याकडे इतर लोक पुस्तक विचारायला येतात, अशा दोघांसाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : पुस्तकाआधी माणूस समजून घ्यावा

पुस्तकाचे नाव घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे, समोरचा माणूस सायकल चालवतो की मोटारसायकल. प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु दोन्ही प्रवासांची चाल निराळी असल्यामुळे त्यांवरची पुस्तकेही निराळी होतात. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे 55 किलोमीटर आहे. कॅरियरवर सामान लादून सायकलने निघालेल्या नवख्याचा त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो, वाटेतल्या प्रत्येक गावात त्याला पाणी मागावे लागते आणि चार माणसांना उत्तरे द्यावी लागतात, तर मोटारसायकलवाला तेवढ्या वेळात घाट उतरून कोकणात पोचलेला असतो. म्हणून सायकलच्या पुस्तकांत माणसे, ऊन, भूक आणि मुक्काम यांना जास्त जागा मिळते. मोटारसायकलच्या पुस्तकांत सरहद्दी, कागदपत्रे, पेट्रोल आणि यंत्राचा स्वभाव यांना.

दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी वाचनाची सवय, कारण या विषयावरची बहुतेक नावाजलेली पुस्तके इंग्रजीत आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सहसा कोणी विचारत नाही : या माणसाला लांबच्या प्रवासात नेमकी कशाची धास्ती वाटते? एकटे राहण्याची, गाडी आडरानात बंद पडण्याची, पैसे संपण्याची, वय झाल्याची की घरच्यांच्या नकाराची? ज्या लेखकाने हीच धास्ती घेऊन घर सोडले, त्याचे पुस्तक त्या माणसाच्या हातात दिले तर ते शेवटच्या पानापर्यंत वाचले जाण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरी पायरी : चाक थांबते तेथे पुस्तक उघडावे

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हातात आले, की मुखपृष्ठावरचे देशांचे आणि किलोमीटरचे आकडे बाजूला ठेवून ते मधोमध उघडावे आणि गाडी बंद पडल्याचा, लेखक आजारी पडल्याचा किंवा पोलीस चौकीत अडकल्याचा प्रसंग शोधावा. असा प्रसंग दोन ओळींत उरकून लेखक पुढच्या शहराच्या नावाकडे धावला असेल, तर ते पुस्तक बहुधा अंतराची हिशेबवही असते. तो तेथे थांबला असेल, पाणी कोणी आणून दिले, सुटा भाग कोणाच्या दुकानात सापडला, रात्र कोणाच्या ओसरीवर काढली आणि त्या वेळी स्वतःच्या मनात काय चालले होते हे त्याने सांगितले असेल, तर पुस्तक नि:शंक घ्यावे. माझ्या मते या साऱ्या साहित्याची खरी कसोटी एवढीच आहे : चाक फिरत असताना सगळेच प्रवासी थोडेफार सारखे दिसतात, ते थांबल्यावर मात्र लेखक वेगळा काढता येतो.

टेड सायमन यांचे 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' या कसोटीवर पुरेपूर उतरते. 1973 साली 500 सीसीच्या ट्रायम्फ मोटारसायकलवर ते इंग्लंडहून निघाले आणि चार वर्षांत जगाला फेरी घालून परतले. भारतातूनही ते गेले होते. परंतु पुस्तकाचे बळ वेगात नाही. ब्राझीलमध्ये पोलिसांनी संशयावरून त्यांना पकडून ठेवले, त्या दिवसांची भीती, वाट पाहणे आणि मनाचे खेळ त्यांनी ज्या सविस्तरपणे लिहिले आहेत, ते वाचताना वाचकाचाही जीव टांगणीला लागतो. चे गेव्हारा यांच्या 'द मोटरसायकल डायरीज'ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1952 साली वैद्यकाचा हा विद्यार्थी मित्र अल्बेर्तो ग्रानादो याच्याबरोबर जुन्या नॉर्टनवर अर्जेंटिनातून निघाला, आणि पुस्तकाच्या नावात असलेली ती गाडी चिलीत कायमची बंद पडली. पुढे कधी पायी, कधी ट्रकवर बसून केलेल्या प्रवासातच त्याला तांब्याच्या खाणीतले कामगार आणि पेरूमधली कुष्ठरुग्णांची वसाहत दिसली. गाडी धडधाकट राहिली असती तर हे पुस्तक असे झाले नसते, असे मला नेहमी वाटते.

तिसरी पायरी : सायकलपासून सुरुवात

मोटारसायकल चालवणाऱ्यालाही मी पहिले पुस्तक सायकलचेच सुचवतो. सायकलच्या कथनात यंत्राचे तपशील थोडे असतात आणि नवख्या वाचकाला माणूस चटकन सापडतो.

आपले वय झाले, आपल्याला यातले काही कळत नाही, असे म्हणणाऱ्या कोणालाही ॲन मस्टो यांचे 'अ बाइक राइड' द्यावे. या बाई इंग्लंडमध्ये मुख्याध्यापिका होत्या. राजस्थानात बसने प्रवास करत असताना थरच्या वाळवंटातून एकटाच सायकल मारत चाललेला एक माणूस त्यांना खिडकीतून दिसला आणि त्या दृश्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. नोकरी सोडून 1987 साली, वयाच्या 54व्या वर्षी त्या निघाल्या, तेव्हा त्यांना पंक्चरसुद्धा काढता येत नव्हते. सुमारे 19,000 किलोमीटरचा हा प्रवास त्यांनी जुन्या इतिहासातल्या वाटा शोधत केला, त्यामुळे शाळेत इतिहासाची गोडी लागलेल्या वाचकाला तो विशेष आवडतो. इंग्रजी सोपे आहे आणि बढाई कोठेही नाही. निवृत्तीनंतर सायकल घेतलेल्या आपल्याकडच्या काका-काकूंना देण्यासाठी यापेक्षा योग्य पुस्तक मला ठाऊक नाही.

त्यानंतर डर्व्हला मर्फी यांचे 'फुल टिल्ट' घ्यावे. या आयरिश बाईंना दहाव्या वाढदिवशी सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले आणि भारतापर्यंत सायकलने जायचे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. आईच्या दीर्घ आजारपणामुळे ते ठरवणे मनातच राहिले आणि 1963च्या जानेवारीत, 31 वर्षांच्या असताना, त्या निघाल्या. युरोपात त्या वर्षी हाडे गोठवणारा हिवाळा होता. वाटेतल्या रस्त्यांवर नाजूक यंत्रणा टिकणार नाही हे ओळखून त्यांनी सायकलचे गिअर आधीच काढून टाकले होते, आणि या साध्या सायकलला त्यांनी 'रॉझ' असे नाव ठेवले होते. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून त्या दिल्लीला पोचल्या. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की अफगाणिस्तानात त्यांच्या बरगड्या मोडल्या त्या सायकलवरून पडून नव्हे, तर बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून. आणि तरीही अफगाण माणसांविषयी त्यांनी जी माया पानोपानी व्यक्त केली आहे, ती या पुस्तकाची खरी ओळख आहे. एकट्याने जाण्याची धास्ती असलेल्या मुलींना हे पुस्तक जरूर द्यावे. मर्फी यांच्याजवळ पिस्तूल होते, आणि ते वापरण्याची वेळही आली होती, हे मात्र आधीच सांगून ठेवावे. धोका नव्हताच असे हे पुस्तक कोठेही भासवत नाही.

आपल्या मुलखातली माणसे या यादीत नाहीत, असा समज कोणी करून घेऊ नये. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले, आणि त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटरचा पल्ला पुरा करून मार्च 1928 मध्ये परतले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, सीरियाचे वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, चीन आणि ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग होता. त्यांच्या 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. लेखनाची धाटणी जुनी आहे, काही प्रकरणे आज कंटाळवाणी वाटतील. पण गुलाम देशाचे पासपोर्ट घेऊन निघालेल्या या मुलांनी काय सोसले असेल याचा विचार करत वाचले, तर ती प्रकरणेही सोसवतात. बंगालीतही बिमल मुखर्जी यांचे 'दुचाकाय दुनिया' हे 1926 ते 1937 या काळातील सायकल प्रवासाचे पुस्तक आहे. तरुण वाचकांना प्रद्युम्न कुमार महानंदिया यांची हकिगत आवडते : ओडिशातल्या दलित कुटुंबात जन्मलेला हा चित्रकार दिल्लीत भेटलेल्या स्वीडिश तरुणीकडे जाण्यासाठी 1977 साली सायकलने निघाला. ती हकिगत स्वीडिश लेखक पेर अँडरसन यांनी लिहिली असून तिचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे.

ज्याला विक्रमांची आवड आहे त्याला मार्क बोमाँट यांचे 'द मॅन हू सायकल्ड द वर्ल्ड' द्यावे. 2008 साली त्यांनी 194 दिवस 17 तासांत जगाची फेरी पुरी केली, म्हणजे रोज सरासरी दीडशे किलोमीटर. शरीराचे हाल समजण्यासाठी पुस्तक उपयोगी आहे. देश मात्र त्यात भराभर मागे पडतात, म्हणून पहिले पुस्तक म्हणून ते देऊ नये.

चौथी पायरी : मोटारसायकलची पुस्तके

येथे सर्वांत जास्त सुचवले जाणारे आणि सर्वांत जास्त अर्धवट सोडले जाणारे पुस्तक म्हणजे रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. ते 1974 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला आधार आहे 1968 साली लेखकाने आपल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे केलेल्या प्रवासाचा. नाव वाचून दुरुस्तीचे पुस्तक समजून घेणाऱ्यांची निराशा होते. मोटारसायकलविषयी यात फारशी माहिती मिळणार नाही, असे लेखकाने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. प्रवास हा येथे धागा आहे आणि विषय आहे गुणवत्तेचा, माणसाच्या आणि यंत्राच्या नात्याचा, आणि एका दुखावलेल्या मनाचा.

तरीही कोल्हापूरच्या माणसाला या पुस्तकात शिरण्यासाठी एक सोपी वाट आहे. सोबतच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होऊन फिरू लागते. निवेदक सुचवतो, की बिअरच्या डब्याचा पातळ पत्रा कापून शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, म्हणून आत घातला की काम भागेल. मित्राला मात्र एवढ्या महाग गाडीत टाकाऊ डब्याचा तुकडा घालण्याची कल्पनाच अपमानास्पद वाटते. निवेदकाच्या दृष्टीने तो पत्रा मऊ, न गंजणारा आणि जाडीला नेमका असतो. मित्राच्या दृष्टीने तो कचरा असतो. उद्यमनगरात लेथवर उभ्या राहिलेल्या कोणत्याही फिटरला हा प्रसंग सांगून पाहावा. वाद कशाविषयी आहे हे त्याला समजावून द्यावे लागत नाही, कारण शिम कशाची आहे यापेक्षा ती बसते कशी हे पाहण्यात त्याचा जन्म गेलेला असतो. ज्या शहराचे पोट ओतकामावर आणि मशीनकामावर चालते, तेथे हे पुस्तक तत्त्वज्ञानाच्या कपाटातून काढून कारखान्याच्या बाजूने वाचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हा प्रसंग आधी वाचावा, तो आवडला तरच पहिल्या पानाकडे जावे आणि जड प्रकरणे सावकाश घ्यावीत.

बाकीची निवड तुलनेने सोपी आहे. आपल्याकडे मोठी गाडी नाही म्हणून खट्टू झालेल्याला लोइस प्राइस यांचे 'लोइस ऑन द लूज' द्यावे. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्या 225 सीसीच्या छोट्या यामाहावर गेल्या. एल्स्पेथ बिअर्ड वास्तुकलेचे शिक्षण घेत असताना 1982 साली जुनी बीएमडब्ल्यू घेऊन जगप्रवासाला निघाल्या, पण 'लोन रायडर' हे त्यांचे पुस्तक 2017 साली आले. प्रवास आणि लेखन यांमध्ये एवढा काळ गेला की आठवणी कशा निवळतात, हे त्यात पाहता येते. नील पिअर्ट यांचे 'घोस्ट रायडर' जपून द्यावे. वर्षभराच्या आत मुलगी आणि पत्नी दोघींना गमावलेल्या या संगीतकाराने दु:ख सोसण्यासाठी सुमारे 88,000 किलोमीटर गाडी चालवली. ज्याच्या घरात नुकतेच असे काही घडले आहे, त्याला हे पुस्तक न विचारता भेट देऊ नये. त्याने स्वतः मागितले तर मात्र द्यावे. आपल्या भागातून सुरू होणारा रस्ता वाचायचा असेल, तर पुण्याचे अजित हरिसिंघानी यांनी बुलेटवरून पुणे ते लडाख केलेल्या प्रवासाचे 'वन लाइफ टू राइड' हे पुस्तक इंग्रजीत आहे. 2004 सालच्या 'लाँग वे राउंड'ची भुरळ अनेकांना पडते, आणि ते रंजक आहेच, परंतु तो प्रवास करणाऱ्या इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या दोन अभिनेत्यांच्या पाठीशी मदतीच्या गाड्या आणि माणसांचे पथक होते, हे नवख्याला सांगितल्याशिवाय ते हातात देऊ नये.

पाचवी पायरी : नकाशा, साल आणि मैल

वाचताना शेजारी नकाशा ठेवावा आणि प्रत्येक मुक्कामावर पेन्सिलीने ठिपका द्यावा. ठिपके जेथे दाट होतात तेथे चढ, वाळू किंवा आजारपण असते, आणि तेथेच पुस्तकही बहुधा उत्तम असते. इंग्रजी पुस्तकांत अंतर मैलांत असते. एक मैल म्हणजे सुमारे 1.6 किलोमीटर. दिवसाला साठ मैल हे वाचायला थोडे वाटते, पण ते 96 किलोमीटर असतात.

प्रवासाचे साल पहिल्या पानावर लिहून ठेवावे. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात येणारा जो खुष्कीचा मार्ग मर्फी यांनी 1963 साली आणि महानंदिया यांनी उलट्या दिशेने 1977 साली पार केला, तो 1979 मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांचे आगमन यांमुळे सर्वसाधारण प्रवाशाला जवळजवळ बंदच झाला. जुन्या पुस्तकावर भिस्त ठेवून मार्ग आखू नये. आकड्यांचीही खातरजमा करावी : लडाखमधील खारदुंग ला या खिंडीतील जुन्या पाट्यांवर 18,380 फूट ही उंची लिहिलेली असे आणि ती अनेक पुस्तकांत तशीच उतरली, परंतु नंतरच्या मोजणीत ती सुमारे 17,580 फूट भरली.

फार जुनी पुस्तके वाचताना नजरही तपासावी. उंच चाकाच्या सायकलवर 1884 ते 1886 या काळात जगाचा प्रवास करणारे थॉमस स्टीव्हन्स लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत गेले. त्यांचे दोन खंडांचे पुस्तक प्रताधिकारमुक्त असून प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि रस्त्याचे वर्णन म्हणून ते अमोल आहे. त्यांची भाषा मात्र त्या काळच्या गोऱ्या माणसाची आहे आणि येथील माणसांविषयीचे काही शेरे बोचतात. ते वगळू नयेत. कोणी, कधी आणि कोणाच्या राज्यात लिहिले याचे भान ठेवून वाचावेत.

सहावी पायरी : कथन आणि माहितीपुस्तक वेगळे ठेवावे

वाचून झाले आणि खरोखर निघायचे ठरले, तर कथनांतून सामानाची यादी काढत बसू नये. त्यासाठी ख्रिस स्कॉट यांचे 'ॲडव्हेंचर मोटरसायकलिंग हँडबुक' आणि स्टीफन लॉर्ड यांचे 'ॲडव्हेंचर सायकल-टूरिंग हँडबुक' अशी पुस्तके आहेत. त्यांची शक्य तितकी नवी आवृत्ती घ्यावी, आणि परवाने, व्हिसा, गाडी दुसऱ्या देशात नेण्यासाठी लागणारे कार्ने यांचे नियम अधिकृत कार्यालयाकडूनच तपासावेत. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आरटीओकडून मिळतो आणि तो एक वर्षासाठी असतो.

सातवी पायरी : पुस्तके मिळवणे आणि पुढे देणे

सगळी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथे आधी चौकशी करावी. पुस्तक नसेल तर लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि प्रकाशनाचे साल लिहून रीतसर मागणी नोंदवावी, कारण एकाच पुस्तकाची मागणी अनेक वाचकांकडून आली तर ग्रंथपालालाही खरेदीसाठी शिफारस करणे सोपे जाते. ई-पुस्तकाचा नमुना विनामूल्य उतरवून घेता येतो. इंग्रजी झेपेल की नाही हे त्याच्या दहा पानांत कळते. सायकल गटातल्या चौघांनी मिळून एकेक पुस्तक घेतले आणि फिरवले, तर खर्च वाटला जातो आणि चर्चाही होते.

पुस्तक दुसऱ्याला देताना आत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर प्रवासाचे साल, वाहन, प्रवासी एकटा होता की सोबत कोणी होते, मागे मदतीची गाडी होती का, आणि इंग्रजी सोपे की अवघड, एवढेच लिहावे. कोणते प्रकरण आधी वाचावे हेही लिहिले तर फारच उत्तम. स्वतःचे मत लिहू नये. ते वाचून झाल्यावर चहाच्या वेळी सांगावे.

आपल्याकडे या वाचनाचा हंगाम पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याकडे धो-धो पाऊस असतो, पंचगंगा फुगली की रस्ते पाण्याखाली जातात, आणि 2019 व 2021 साली तर शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद पडला होता. अशा दिवसांत मस्टो आणि मर्फी वाचून होतात, सायमन सुरू करता येतो. पिर्सिग मात्र पाऊस ओसरल्यावर, आपल्या गाडीची चेन एकदा स्वतःच्या हाताने काढून, धुऊन आणि परत चढवून झाल्यावर हातात घ्यावा.